समुद्र घरी नसताना जावे

घरच्या सहली ठरवण्यात ज्यांचे केस पिकले त्यांनी हे वाचू नये. त्यांना शिकवण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि त्यांच्या रक्तदाबाला ते सोसणारही नाही. हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. म्हणजे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्यांनी उत्साहाच्या भरात ‘या दिवाळीत काहीतरी वेगळं बघू या का?’ असं लिहिलं आणि ज्यांना त्याखाली अंगठ्यांची रांग मिळाली, त्यांच्यासाठी. अंगठा म्हणजे होकार नव्हे. अंगठा म्हणजे ‘ठरव तू, नावं आम्ही ठेवू.’

वेगळं म्हणजे इथे कच्छच्या आखातातलं समुद्री राष्ट्रीय उद्यान. देशातलं हे असं पहिलंच. 1980 साली आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला अभयारण्य जाहीर झालं आणि 1982 साली त्यातल्या सुमारे 163 चौरस किलोमीटरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जामनगर ते ओखा या पट्ट्यात 42 बेटं आहेत, त्यातल्या 33 बेटांभोवती प्रवाळाची झालर आहे. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उघडी जीप, न दिसलेला वाघ आणि ‘आत्ताच इथून गेला, तुम्हाला पाच मिनिटं उशीर झाला’ असं सांगणारा गाइड ही तीन पात्रं येतात. इथे जीप नाही आणि वाघही नाही. उशीर मात्र आहे, आणि तो पाच मिनिटांवर भागत नाही.

घरच्यांना कसं पटवावं

पहिला नियम: घरात ‘प्रवाळ’ हा शब्द काढू नये. प्रवाळ म्हटलं की आत्याला मंगळ आठवतो, काकांना अंदमान आठवतं आणि अंदमान आठवलं की विमानाची तिकिटं आठवतात. ‘द्वारका’ म्हणावं. द्वारका म्हटलं की ज्येष्ठ मंडळी हो म्हणतात, ज्येष्ठ हो म्हणाले की खर्चाचा प्रश्न सुटतो. जामनगर ते द्वारका हा साधारण 130 किलोमीटरचा रस्ता आहे आणि उद्यानाचा जो भाग सामान्य माणसाला पायी चालत बघता येतो तो नरारा याच रस्त्यावरून जरा आत वळलं की लागतो. म्हणजे देवदर्शनाच्या वाटेत तुम्ही मंडळींना गुडघाभर पाण्यात उभं करू शकता. फक्त वळण येईपर्यंत बोलू नका.

‘द्वारका’ म्हटल्याचा एक तोटाही आहे. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘मग सोमनाथ जवळच की!’ सौराष्ट्र नकाशावर तळहाताएवढा दिसतो, त्याला नकाशा काढणारा जबाबदार आहे. द्वारकेहून सोमनाथ सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. सोमनाथ कबूल केलं की ‘तिथून गीर हाकेच्या अंतरावर’ हे वाक्य येणारच, मग सिंह, मग दीव, मग ‘आलोच आहोत तर’ पुतळा. ‘आलोच आहोत तर’ ही आपल्या लोकांची प्रवासातली सगळ्यात महागडी तीन शब्दांची सवय आहे. नवशिक्याने हा रस्ता सोमनाथलाच अडवावा. सरळ सांगावं, की त्याची वेगळी सहल काढू आणि ती तुम्ही ठरवा. शांतता पसरते.

तारीख कोण ठरवतं

आता मुख्य विषय. बाकी कुठल्याही सहलीची तारीख रजेवर, परीक्षांवर आणि रेल्वेच्या आरक्षणावर ठरते. इथली तारीख चंद्र ठरवतो. नराऱ्याचं प्रवाळ समुद्राच्या तळाशी आहे, आणि तुम्हाला बुडी मारता येत नाही. त्यामुळे तळ उघडा पडेल तेव्हा जाणं एवढाच मार्ग उरतो. कच्छचं आखात ही यासाठी नामी जागा आहे. तोंडाशी रुंद आणि आत चिंचोळं होत गेलेलं हे आखात भरतीचं पाणी कोंडत नेतं, त्यामुळे आतल्या टोकाकडे भरती-ओहोटीतला फरक सात मीटरपर्यंत जातो. म्हणजे दोन मजले पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा निघून जातं. नराऱ्याला ते निघून गेलं की सपाट खडकाळ तळ दूरवर उघडा पडतो, आणि तुम्ही समुद्राच्या घरात समुद्र नसताना फिरू शकता. तो परत येण्याच्या आत बाहेर पडायचं, ही अट.

हे सगळं समजावून सांगायला ग्रुपवर तक्ता टाकण्यात अर्थ नाही. तक्ता कोणी उघडत नाही. आजीकडे जावं. घरात तिथी ठाऊक असलेलं माणूस आता बहुधा तेवढंच उरलेलं असतं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर तारखेसाठी नाही तर तिथीसाठी पाहणारंही तेच. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीला तिनाने गुणावं, चाराने भागावं, जे येईल त्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलेलं. मधोमध, सकाळी नवाच्या सुमाराला, ओहोटी. हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा. कच्छच्या आखातात पाणी आत शिरत जाताना उशीर करतं, म्हणून आजीच्या उत्तरात थोडी भर घालावी लागते. नेमकी वेळ हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडिया दर वर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतं, आणि वनखात्याच्या माणसाला विचारलं तर तो तक्ता न बघता सांगतो. पण ढोबळ दिवस ठरवायला आजी पुरते, आणि सहलीत तिला पद दिलं की तिच्या गुडघ्यांची तक्रारही कमी होते.

इथे नवशिक्याची एक फसगत होते ती सांगतो. ‘उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्या’ एवढं सगळ्यांना माहीत असतं. पाणी जास्त चढतं त्या दिवशी जास्त उतरतं, हेही बरोबर. मग नवशिक्या पौर्णिमेचं आरक्षण करतो. पण पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी. हॉटेलातून अंधारात निघून दीड तासाचा रस्ता कापायचा. तुमच्या घरातली माणसं चहा, दुसरा चहा आणि ‘मोबाइलचा चार्जर कुठंय’ या तीन टप्प्यांशिवाय हलत नाहीत हे लक्षात घेता ते होणे नाही. उलट अष्टमीला ओहोटी अगदी सोयीची, भर दुपारी. पण तेव्हा भांगाचं पाणी. नावापुरतं उतरतं, प्रवाळ झाकलेलंच राहतं. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावरचे दोन-चार दिवस धरावेत. उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकत माणसाच्या वेळेत येते.

दिवाळीच्या सुटीत निघणाऱ्यांवर यात देवाची कृपा आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला, पाडवा प्रतिपदेला, भाऊबीज द्वितीयेला. भाऊबीज आवरून मुंबई सेंट्रलहून रात्रीची सौराष्ट्र मेल धरली की तृतीयेच्या दुपारच्या जेवणाला जामनगर आणि चतुर्थीच्या सकाळी नरारा. पंचांग रचणाऱ्यांच्या मनात हे नसणार, पण जमून आलं आहे खरं. ज्यांना थंडीत, मार्गशीर्ष-पौषात जायचं आहे त्यांना कृष्ण चतुर्थी, म्हणजे संकष्टी, उत्तम. यात अडचण एकच: मामीचा उपास असतो आणि पाण्यातून चालून आल्यावर साबुदाण्याची खिचडी नराऱ्याशेजारच्या वाडीनारच्या परिसरात मिळत नाही. डबा न्यावा.

आत शिरण्यापूर्वी

नराऱ्याला वनखात्याची चौकी आहे. तिथे ओळखपत्र दाखवून, शुल्क भरून, सोबत गाइड घेऊनच पुढे जाता येतं. ओळखपत्र म्हणजे मूळ. ‘फोनमध्ये फोटो आहे’ हे वाक्य ज्या काकांच्या फोनची बॅटरी नेहमी चार टक्के असते, ते हमखास बोलतात.

गाइडला टाळून स्वतःच जावं असं काही हुशारांना वाटतं. पाणी परत कुठल्या बाजूने येतं हे त्यांना ठाऊक नसतं. सपाट किनाऱ्यावर भरती समोरून चालत येते असं नाही. मागच्या खोलगट पट्ट्यातून ती आधी आत शिरते, आणि तुम्ही समोर पाहत फोटो काढत असताना तुमचा परतीचा रस्ता भरतो. गाइड ‘चला’ म्हणाला की चलायचं. ‘एकच फोटो’ हे उत्तर घरी चालतं.

पायात काय घालावं हा वादाचा मुद्दा ठरतो, म्हणून निकाल देऊन टाकतो. चप्पल चालत नाही, चिखलात रुतली की तिथेच राहते. अनवाणी तर मुळीच नाही. खडकाला धार असते आणि वाळूत पाकट मासा अंग पुरून पडलेला असू शकतो, त्याच्या शेपटीला काटा असतो. जाड तळव्याचे, नाडीने घट्ट बांधलेले, यानंतर फेकून दिले तरी चालतील असे जुने कापडी बूट. असे बूट प्रत्येक घरात माळ्यावर असतात आणि निघायच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी ते देऊन टाकलेले असतात. पाय उचलून टाकू नये, सरकवत चालावं, म्हणजे पाकट आधीच निघून जातो. आणि पाऊल वाळूवर ठेवावं, प्रवाळावर नाही. गोल दगडासारखं जे दिसतं ते नेमकं पाय ठेवायला बरं वाटतं, आणि तेच प्रवाळ असतं.

काय दिसेल, आणि काय दिसणार नाही

अपेक्षा आधीच कमी करून ठेवाव्यात. टीव्हीवरच्या माहितीपटात निळ्याशार पाण्यात गुलाबी, जांभळी, केशरी प्रवाळं डोलतात. इथलं पाणी गढूळ आहे आणि प्रवाळाचा रंग शेवाळी, तपकिरी, कधी फिका हिरवा. पहिली दहा मिनिटं मंडळी ‘हे का?’ या मुद्रेने चालतात. हरकत नाही. त्यांना वाकायला सांगावं.

वाकल्यावर त्या मेंदूच्या आकाराच्या गोळ्यावर नागमोडी रेषा दिसतात. प्रत्येक रेषेत दाण्याएवढे प्राणी दाटीवाटीने राहतात आणि हा चुन्याचा गोळा त्यांनी बांधलेला असतो, वर्षाला काही मिलिमीटर या वेगाने. त्यांच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. ते उन्हात अन्न बनवतं आणि भाड्यापोटी त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. मघाचे रंगही त्या भाडेकरूचेच. पाणी फार तापलं की मालक चिडून भाडेकरूला हाकलतो, स्वतः पांढरा पडतो, आणि ताप लवकर उतरला नाही तर उपासमारीने मरतो. मुंबई-पुण्याच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मग डोळे सरावतात. समुद्रफुलं दिसतात, बोट जवळ नेण्याआधीच मिटणारी. काळी समुद्रकाकडी दिसते आणि मुलं तिला जे म्हणतात ते इथे लिहिता येत नाही. सापासारखे हात हलवत दगडाखाली शिरणारा भंगुरतारा, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा, खडकाच्या कपारीत डोळे वटारून बसलेला ऑक्टोपस. ऑक्टोपस वाळूवर आला की वाळूसारखा, खडकावर गेला की खडकासारखा. घरातल्या जावयांच्या चेहऱ्याकडे या वेळी पाहू नये.

इथे एक गंभीर सूचना. काही वेळा गाइड पाहुण्यांना खूश करायला केंड मासा हातात उचलतो आणि तो टम्म फुगतो. सगळे टाळ्या वाजवतात. तो गंमत म्हणून फुगत नाही, जीव जाईल या भीतीने फुगतो, आणि हे त्याच्यावर दर ओहोटीला येतं. ‘नको, पाण्यातच दाखवा’ एवढं म्हटलं की गाइड ऐकतो. त्यालाही तो नाच सांगितल्याशिवाय करायचा नसतो. ऑक्टोपसचंही तेच. मला विचाराल तर या सगळ्या मार्गदर्शनातलं हे एक वाक्य पाळलंत आणि बाकीचं विसरलात तरी चालेल.

खिशांबद्दल. प्रवाळाचा तुकडा, जिवंत असो की मेलेला, उचलणं हा गुन्हा आहे. 2001 पासून प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो तुकडा आणि वाघ एका पंक्तीला बसतात. मुलांचे खिसे आधी तपासावेत, मग आजोबांचे. ‘देवघरात ठेवायला’ हे कारण चौकीवर चालत नाही. आत्याच्या अंगठीतल्या पोवळ्याची चौकशी तिने स्वतःच सुरू केली तर सांगावं, की ते लाल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातलं. इथल्या प्रवाळाने मंगळ शांत होत नाही.

सगळं पाहून मान वर केली की क्षितिजावर टाक्या, धुराडी आणि कच्च्या तेलाची जहाजं दिसतात. फोटोत येऊ नयेत म्हणून लोक कोन बदलतात; येऊ द्यावीत. वाडीनारला तेल उतरतं, आणि जामनगरहून येताना मोटी खावडीला तुम्ही जगातल्या सर्वांत मोठ्या तेलशुद्धीकरण संकुलाला वळसा घालून आलेले असता. याच आखातातून एके काळी प्रवाळाची वाळू सिमेंटसाठी उपसली जात होती. तेव्हा प्रवाळ इथे अजून आहे हेच बघण्यासारखं आहे. ज्या इंधनावर तुमची भाड्याची गाडी इथवर आली ते कुठून आलं याचा विचार करायचा असेल तर करावा, मात्र तो चालकासमोर बोलून दाखवू नये, तो आधीच परतीच्या किलोमीटरचा हिशेब करतो आहे.

पिरोटन बेटाबद्दल थोडक्यात. ते सुंदर आहे, तिथे दीपगृह आहे, तिवरांचं रान आहे. तिथे जायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते आणि होडी भरतीच्या पाण्यावर जाते. उतरल्यावर पाणी ओसरतं आणि होडी चिखलात बसते. ती पुढच्या भरतीला उठते. म्हणजे साधारण बारा तास तुम्ही बेटावर. बारा तास एकमेकांशी बोलू शकतील अशी माणसं तुमच्या घरात असतील तर अर्ज करावा.

जामनगरात उरलेला वेळ

ओहोटी सकाळीच आटोपते आणि समुद्र त्याच्या कामाला लागतो, त्यामुळे बाकीचा दिवस मोकळा. गावापासून जवळच खिजडिया पक्षी अभयारण्य आहे. संस्थानाच्या काळात समुद्राचं खारं पाणी शेतीत येऊ नये म्हणून इथे बांध घातला, त्यामुळे बांधाच्या एका हाताला गोड्या पाण्याची तळी आणि दुसऱ्या हाताला खाजण, तिवरं, मिठागरं. पक्ष्यांना दोन्ही जेवणं एका जागी. हिवाळ्यात रोहित, करकोचे, झोळीवाले, क्रौंच यांची गर्दी असते. 2022 साली याला रामसर पाणथळीचा दर्जा जाहीर झाला. ज्यांना पक्ष्यांचं वेड आहे ते मात्र खरं तर नराऱ्याकडे क्रॅब प्लोव्हर शोधायला येतात: काळा-पांढरा, खेकडे खाणारा, आणि वाळूत बीळ खणून त्यात अंडं घालणारा. असा माणूस तुमच्या गटात असेल तर त्याला खिजडियाला सोडून बाकीच्यांनी गावात जावं आणि संध्याकाळी त्याला घेऊन यावं. तो आढळेल तिथेच.

गावात लाखोटा तलावाच्या काठी बाला हनुमान मंदिर आहे. तिथे 1 ऑगस्ट 1964 पासून रामधून अखंड चालू आहे, रात्री-अपरात्री, भूकंपात, वादळात. जामनगरात तुम्हाला पहाटे तीन वाजता जाग आली तर जाऊन बसायला जागा आहे, हे किती गावांबद्दल म्हणता येईल?

थोडा वाकडा रस्ता करून बालाचडीला जावं असं माझं मत आहे, आणि ते मत गटात कुणाला पटणार नाही कारण तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून रशियात हाकलली गेलेली, आईबाप गमावलेली शेकडो मुलं 1942 साली इथे आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी समुद्रकाठी त्यांच्यासाठी छावणी उभी केली. आज त्या जागी सैनिकी शाळा आहे. कोल्हापूरकर सोबत असतील तर त्यांना आठवण द्यावी, की त्यांच्या वळिवड्यालाही 1943 पासून पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं राहत होती. बालाचडीतली बरीच मुलं पुढे वळिवड्याला आली. कोल्हापूरकर यावर ‘म्हणजे शेवटी आमच्याकडेच आली’ असं म्हणेल. ते मनावर घेऊ नये. जामसाहेबांचे काका रणजितसिंह, रणजी करंडकवाले. हे काकांना सांगू नका, कारण मग रस्ताभर क्रिकेट.

द्वारका, कारण कबूल केलं होतं

देऊळ दुपारी साधारण एक ते पाच बंद असतं. हे वाक्य ठळक लिहून गाडीत चिकटवावं. नराऱ्याची ओहोटी पाहून, ओले बूट बदलून, वाटेत खंभाळियाला जेवून मंडळी नेमकी दोनला द्वारकेत पोहोचतात आणि मग तीन तास गोमतीच्या घाटावर उन्हात बसून संयोजकाबद्दल बोलतात. त्यापेक्षा ते तास शिवराजपूरच्या समुद्रकिनाऱ्यावर घालवावेत. स्वच्छतेसाठी त्याला ब्लू फ्लॅग मिळालेला आहे, आणि तिथला समुद्र घरी असतो.

देवळाच्या शिखरावर 52 गजी ध्वज, तो दिवसातून अनेक वेळा बदलतात. तो चढवायला वर जाणारा माणूस दिसला की सगळे फोन वर करतात. याच वेळी ज्यांना मराठी अभिमानाची थोडी तहान आहे त्यांना सांगावं, की ओखामंडळ म्हणजे हा सारा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांचा होता, 1949 साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत. म्हणजे काही वर्षं द्वारका आणि मुंबई एकाच राज्यात होत्या. अभिमान एवढ्यावर थांबवावा. इथल्या वाघेरांनी गायकवाडांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध बंड केलं होतं, आणि 1859 साली इंग्रजांनी बेट द्वारकेवर समुद्रातून तोफा डागल्या. मुळू माणेक, जोधा माणेक ही नावं इथे अजून आदराने घेतली जातात. आपण कुणाच्या बाजूने आलो होतो हे घाटावर मोठ्याने सांगण्यात शहाणपण नाही.

बेट द्वारकेला पूर्वी ओख्याहून होडीने जावं लागे आणि होडीत जितकी माणसं मावतात त्याच्यापेक्षा जास्त माणसं मावत. 2024 पासून सुदर्शन सेतू झाला आहे, सव्वादोन किलोमीटरहून जरा लांब, तारांवर तोललेला. आता गाडी थेट जाते. ज्येष्ठांची सोय झाली. होडीत बसल्याबरोबर डोळे मिटून स्तोत्र म्हणणाऱ्या आत्याचं मात्र नुकसान झालं.

नागेश्वरला संघर्ष अटळ आहे. द्वारकेजवळच्या या देवळाला ज्योतिर्लिंग मानतात, आणि आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाला. गटात एखादी परभणी-हिंगोलीकडची सून असेल तर ती आधी हात जोडते आणि मग शांतपणे म्हणते, ‘खरं ते आमचं औंढ्याचं.’ नामदेवांना विसोबा खेचर तिथेच भेटले आणि नामदेवांसाठी देऊळ फिरलं ते तिथेच, अशी आख्यायिका आहे. तिच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. नवशिक्याने यात पडू नये. अल्मोड्याजवळच्या जागेश्वरचाही हाच दावा आहे, एवढं सांगून दोन्ही पक्षांना तिसऱ्याविरुद्ध एकत्र आणावं.

जेवण, आणि घेऊन काय यावं

समुद्र समोर आहे म्हणून सुरमईची वाट पाहणाऱ्या मालवणी मेव्हण्याला मुंबई सेंट्रललाच सांगून टाकावं, की तुला जे हवंय ते तू आत्ता खाऊन घे. द्वारकेच्या वाटेवर शेव-टोमॅटोचं शाक, बाजरीचा रोटला, कढी आणि ताक; ताक इतकं चांगलं की तक्रार पाचव्या मिनिटाला विरघळते. त्याला पिण्याच्या दुसऱ्या पदार्थाची चौकशी करायची असेल तर गुजरातेत दारूबंदी आहे हेही त्याच फलाटावर सांगावं. तिथे त्याला निर्णय बदलायला वाव असतो.

जामनगरचा तिखट घुघरा उभ्याउभ्या खावा, आणि कोरडी कचोरी बांधून घ्यावी. ती टिकते, आणि वाटण्यापुरती उरावी यासाठी पिशवी दुसऱ्याच्या बॅगेत ठेवावी. बांधणीच्या दुकानात पुरुषांनी जाऊ नये. खरी बांधणी गाठी न सोडता घडी करून दाखवतात, कपडा ओढला की गाठी तडतड उघडतात, आणि हे प्रत्येक साडीला पुन्हा पाहायचं असतं. कुंकू इथलं नावाजलेलं. आणि पितळेचा अडकित्ता, ज्याला इथे सुडी म्हणतात, तो सगळेच घेतात, इतका तो देखणा असतो. परत विमानाने येणार असाल तर तो हातातल्या पिशवीत ठेवू नये, तपासणीत काढून घेतात. सामानात घालावा. सुपारी खाणारं घरात कोणी नसताना तो का घेतला, याचं उत्तर मात्र आत्तापासून तयार ठेवावं. तपासणीवाले विचारत नाहीत, घरी विचारतात.